राजमातेचा शनिवार

भित्तिपत्रकांचा गठ्ठा सोडताच सिस्टर बिरागोच्या ध्यानात पहिली गोष्ट आली ती ही, की राजमाता अफ्राकोमा वारल्या आहेत. वास्तविक अर्ध्या तासापूर्वीच ती महालाच्या अंगणात त्यांना भेटून आली होती. त्या वेळी राजमाता भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि आजच्या रश्श्यात मासा इतका बारीक का, असा प्रश्न स्वयंपाकघराकडे तोंड करून खणखणीत आवाजात विचारीत होत्या. परंतु त्या पत्रकापुढे डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे काही चालेना. काळीभोर चौकट, तिच्या आत लाल पट्टा, मधोमध सोन्याच्या अलंकारांतली राजमातांची गंभीर मुद्रा, दोन्ही बाजूंना तेवत्या मेणबत्त्या. आणि खाली मुंग्यांच्या रांगांसारख्या बारीक अक्षरांत भाऊ, मुले, भाचे, नातवंडे यांची नावे, प्रत्येक नावापुढे तो तो माणूस ज्या परमुलखात पोटासाठी गेला त्याचे नाव.

असली पत्रके आसुक्रोम गावाला नवी नव्हती. तेचिमानच्या बाजारापासून गावच्या पुलापर्यंत एकही भिंत, खांब किंवा आंब्याचे खोड असे नव्हते की ज्याच्यावर कोणी ना कोणी मेणबत्त्यांच्या मधून पाहत नव्हते. फक्त त्यांत आजवर जिवंत माणूस कोणी नव्हते.

बिरागोने छापायला दिले होते ते आरोग्य शिबिराचे आवाहन. येत्या शनिवारी सकाळी महालासमोरच्या पटांगणात रक्तदाबाची तपासणी आहे, आणि राजमाता स्वतः सर्वांच्या आधी तपासून घेणार आहेत, एवढाच मजकूर होता. यामागे तिचे अर्ध्या वर्षाचे कष्ट होते. कोनफळांच्या सणात राजमाता भोवळ येऊन कोसळल्या, तेव्हापासून त्या बिरागोकडची बीपीची गोळी रोज सकाळी घेत. ही गोष्ट बिरागोखेरीज फक्त राजमातांचा प्रवक्ता अम्पोमा याला ठाऊक होती. ती चारचौघांत सांगायला राजमाता मोठ्या मिनतवारीने तयार झाल्या होत्या. आणि हे शिबिर साधल्यावाचून गत्यंतर नव्हते. कारण बीपीच्या गोळ्यांची पेटी दरमहा कोणत्या गावाला द्यायची, आसुक्रोमला की नदीपलीकडच्या गावाला, हे जिल्ह्याचे साहेब शनिवारची गर्दी पाहून ठरवणार होते. मागच्या शिबिराला बिरागोकडे सात माणसे आली होती. त्यांतली दोन सावलीसाठी.

तिने लगेच छापखान्याच्या बाफोला फोन लावला.

"बाफोदादा, हे तुम्ही काय छापलंत?"

"आवडलं ना?" बाफो खुशीत म्हणाला. "मेणबत्त्या मी माझ्या पदरच्या घातल्यात. त्याचे वेगळे लावणार नाही."

"अहो, राजमाता जिवंत आहेत."

पलीकडे चालू असलेले यंत्र बंद झाले. मग बाफोने अत्यंत दुखावलेल्या स्वरात विचारले, "मग फोटो कशाला दिलात?"

न्यायाने पाहता बाफोला दोष देणे सोपे नाही. बिरागोने त्याला बजावले होते, की लोक वाटेत थांबून पाहतील असे काहीतरी करा. त्या मुलखात लोक कशासाठी थांबतात हे बाफोला उभ्या आयुष्यात शिकायला मिळाले होते, आणि त्याने ते ज्ञान हातचे न राखता वापरले. तपासणीचे वाक्यही त्याने गाळले नव्हते. ते तळाशी छापले होते, फक्त शनिवार मोठ्या अक्षरांत वर घेतला होता. त्याला वाटले, ती आईसाहेबांची शेवटची इच्छा असावी. नातलगांची नावे त्याने गेल्या वर्षी राजमातांची बहीण गेली तेव्हाच्या पत्रकावरून घेतली होती. घराणे तेच, म्हणजे नावेही तीच, यात तर्काची चूक काढायची तर काढणाऱ्याने आधी स्वतःचे घराणे तपासून घ्यावे.

"बरं, अजून कुठे लावली नाहीत ना?" बिरागोने विचारले.

"तेचिमानच्या बाजारापासून तुमच्या पुलापर्यंत," बाफो म्हणाला. "राजघराण्याचं काम. माणसांवर कसं सोपवणार? पहाटेपासून स्वतः शिडी घेऊन फिरलो."

बिरागो फोन खाली ठेवून बाहेर आली, तेव्हा पुलाजवळच्या आंब्याखाली बायकांचा घोळका उभा होता आणि सगळ्याजणी खालच्या आवाजात बोलत होत्या. तिने धावत जाऊन सांगितले, की पत्रक चुकीचे आहे आणि आईसाहेब ठणठणीत आहेत. बायकांनी तिच्याकडे फार मायेने पाहिले. त्यांतली केळी विकणारी आगिमा तर तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "असू दे, सिस्टर. आम्ही समजलो. तुला तसंच सांगायला सांगितलं असणार."

येथे खरी मेख होती, आणि बिरागो समुद्राकडच्या शहरात वाढलेली असल्यामुळे ती तिला उशिरा उमगली. राजघराण्यातले माणूस मरत नाही. ते 'आपल्या गावी जाते', आणि तेही कोणी उघड म्हणत नाही. महाल आधी सांगतो, की स्वारीची प्रकृती उत्तम आहे. पुढे सांगतो, की स्वारी विश्रांती घेत आहे. आणि सगळी तयारी पुरी झाली म्हणजे मगच ढोल वाजतात. तेव्हा राजमाता उत्तम आहेत, असे आरोग्यखात्याच्या नर्सने धावत येऊन, धापा टाकीत सांगावे, यापेक्षा मोठा पुरावा आसुक्रोमला कोणता हवा होता? ज्यांचा पत्रकावर विश्वास बसला नव्हता, त्यांचाही बिरागोवर बसला.

दुपारपर्यंत गोष्ट हाताबाहेर गेली. तंबूवाल्याने विचारले, खांब किती आणू. कुमासीहून एका ब्रास बँडचा फोन आला. आणि सर्वांत वाईट म्हणजे राजमातांचा भाचा ग्याबा, तेचिमानचा कोनफळांचा घाऊक व्यापारी, तीन लॉऱ्यांचा मालक, याने बाजारातले आपले दुकान बंद केले आणि तो रडत सुताराकडे गेला, असे कळले.

ग्याबाविषयी चार शब्द सांगणे भाग आहे, कारण मागचे शिबिर ओस पडण्याचे मोठे श्रेय त्याचे होते. त्याचे म्हणणे असे, की बीपीचे यंत्र रोग शोधीत नाही, तो अंगात घालते. यंत्र गावात येण्यापूर्वी एकाला तरी हा रोग होता काय? हा युक्तिवाद खोडून काढायला वाटतो तितका सोपा नाही. यंत्र येण्यापूर्वी माणसे फक्त 'एकाएकी' जात. ग्याबाचे वडील एकाएकी गेले, दोन काका एकाएकी गेले, गेल्या वर्षी आईही एकाएकी गेली; पण आजारी म्हणून त्यांच्यापैकी कोणी पडले नाही, याचा त्याला अभिमान होता.

संध्याकाळी बिरागो महालात गेली ती शिक्षा ऐकण्याच्या तयारीनेच. जिवंत राजमातेचे असे पत्रक म्हणजे मेंढा आणि जिनच्या बाटल्या असा दंड, असे तिला कोणीतरी सांगितले होते. पण दंडाचे तिला दुःख नव्हते. राजमातांनी रागाने अंग काढून घेतले, तर शनिवारची खुर्ची रिकामी राहणार होती, आणि गोळ्यांची पेटी नदीपलीकडे जाणार होती. राजमातांशी थेट बोलण्याची रीत नसल्यामुळे तिने सारी कथा प्रवक्त्या अम्पोमाला सांगितली, आणि दोन हातांच्या अंतरावर बसून सगळे ऐकत असलेल्या राजमातांना अम्पोमाने ती पुन्हा, अधिक चांगल्या भाषेत, ऐकवली.

राजमातांनी पत्रक हातात घेतले. आधी त्यांनी आपलाच चेहरा न्याहाळला. मग चष्मा लावून खालची नावे वाचू लागल्या.

"हिला विचार," त्या बिरागोकडे न पाहता अम्पोमाला म्हणाल्या, "ग्याबाचं नाव माझ्या भावाच्या वर कसं आलं?"

बिरागोने सांगितले, की नावे बहिणीच्या पत्रकावरून घेतली आहेत.

"आणि बहिणीच्या वेळी माणसं किती जमली होती?"

"सातशेच्या वर, आईसाहेब," अम्पोमा म्हणाला. आणि मग त्याच्यातला दरबारी जागा झाला. "आपल्या वेळी जास्तच होतील."

राजमातांनी भुईमुगाचा एक दाणा तोंडात टाकला आणि रीत मोडून थेट बिरागोकडे पाहिले. "पोरी, तुझ्या शिबिराला किती आले होते?"

"सात, आईसाहेब," बिरागो म्हणाली. सावलीचे तिने सांगितले नाही.

राजमातांनी दाणा चावून संपवला. बिरागोला आपल्या हृदयाचे ठोके ऐकू येत होते, आणि ते मोजण्याची सवय असल्यामुळे ते किती वाढले आहेत हेही कळत होते.

"पत्रकं काढू नका," राजमाता शेवटी म्हणाल्या. "पण खोटं एक अक्षर बोलायचं नाही. अम्पोमा, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ दवंडी दे, की आईसाहेबांची प्रकृती उत्तम आहे. माझे पाय जरा दुखतायत, तेव्हा शनिवारपर्यंत मी काही अंगणात येणार नाही." त्यांचे पाय कधीच दुखत नसत. "आणि त्या छापखानेवाल्याला म्हणावं, दंडाचा मेंढा शनिवारी घेऊन ये. चांगला मोठा बघून आण."

अम्पोमाने दवंडी पिटली. त्याच्या आयुष्यात त्याने इतके खरे कधी पिटले नव्हते आणि त्याच्यावर इतका अविश्वास कधी कोणी दाखवला नव्हता. तो घंटा वाजवीत "आईसाहेब ठणठणीत आहेत" म्हणत पुढे जाई, आणि मागे घराघरांतून शोकाची लाल-काळी वस्त्रे उन्हात घालण्यासाठी बाहेर निघत. एका म्हाताऱ्याने तर त्याला थांबवून, खांद्यावर हात ठेवून, मन घट्ट कर म्हणून सांगितले. शुक्रवारच्या दवंडीनंतर नदीपलीकडचे गावही निघाले.

शनिवारी सकाळी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल आणि काळ्या वस्त्रांचा नुसता पूर लोटला होता. तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. कुमासीचा बँड संथ सुरांत वाजत होता. आहेराच्या टेबलापाशी ध्वनिक्षेपक घेऊन निवेदक घसा साफ करीत होता, कारण मयताच्या घराला पैशाचा आहेर कोणी केला हे साऱ्या गावाला मोठ्याने ऐकू गेल्याखेरीज तेथे तो केल्यासारखा होत नाही. बिरागो आपली तीन यंत्रे मांडून एका कडेच्या तंबूत बसली होती, आणि लोक ती बाई येथे काय विकते, अशा नजरेने पाहून पुढे जात होते. गर्दीत तिला जिल्ह्याचे साहेब दिसले. त्यांनीही काळे वस्त्र नेसले होते. येताना त्यांनी पुलाजवळ पत्रक पाहिले होते, आणि शिबिराचा विषय आज काढू नये एवढे सौजन्य त्यांच्यापाशी होते. "तुमचं नशीबच वाईट, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "शिबिराच्याच दिवशी हे व्हावं."

इतक्यात ग्याबाची लॉरी आली. टपावर चकाकणारी, पितळी कड्यांची, महागड्या लाकडाची शवपेटी बांधलेली होती, आणि तिच्याशेजारी उभा राहून ग्याबा आकाशाकडे हात करून विलाप करीत होता. त्याच्या दुःखात खोट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. आई गेल्यावर याच मावशीने त्याला जवळ बसवून स्वतःच्या हाताने जेवू घातले होते. पेटी खाली उतरवून पटांगणाच्या मध्यभागी ठेवण्यात आली. घराण्यातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी गळा काढला. बँडने सूर चढवला.

आणि महालाचा दरवाजा उघडला.

आधी छत्री बाहेर आली. तिच्याखाली अम्पोमा, राजदंड उभा धरून. आणि त्याच्यामागून, स्वच्छ पांढऱ्या वस्त्रात, जसे बाळंतपण सुखरूप पार पडल्यावर किंवा आजारातून उठल्यावर नेसतात तसे नेसून, राजमाता अफ्राकोमा. आत्याबाईंचा हुंदका अर्ध्यावर थांबला. बँड एकेक वाद्याने गप्प होत गेला, फक्त मोठा कर्णा वाजवणाऱ्याचे डोळे मिटलेले असल्यामुळे तो आणखी थोडा वेळ एकटाच शोक करीत राहिला.

"मावशी," ग्याबा जमिनीवर बसत म्हणाला, "तू... गेली होतीस ना?"

"कुठे जाणार?" राजमाता म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ दवंडी पिटवली. तुम्ही ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

अशा प्रसंगी जमाव रागावतो, पळतो किंवा हसतो. यांतले काय करायचे हे ठरवायला राजमातांनी त्याला सवडच दिली नाही. त्या सरळ बिरागोच्या तंबूत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी दंडावरचे वस्त्र बाजूला सारले. बिरागोने पट्टा बांधला. निवेदकाचा ध्वनिक्षेपक त्यांनी मागून घेतला, आणि प्रवक्त्याच्या तोंडून नव्हे, तर स्वतःच्या तोंडाने बोलल्या. तसे पूर्वी कोणी केल्याचे कोणाला आठवत नव्हते.

"कोनफळांच्या सणात मी पडले, ते ऊन लागून नाही. मला बीपी आहे. रोज सकाळी एक गोळी घेते. लाज वाटायची म्हणून सांगितलं नव्हतं." त्यांनी ग्याबाकडे पाहिले. "माझी बहीण गोळी घेत नव्हती. तिचं पत्रक तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मी घेते, म्हणून आज स्वतःच्या मयताला स्वतः हजर आहे. आता तुम्ही इतक्या लांबून आलात, आहेर तर करणारच. पैसा मला नको. प्रत्येकाने इथे येऊन आपला हात द्यायचा. दिल्याशिवाय जो जाईल, त्याने माझ्या खऱ्या वेळेला येऊ नये."

यानंतर जे झाले ते बिरागोने पुढे अनेक सभांत सांगितले. पहिला धीर नदीपलीकडच्या गावच्या मुखियाने केला, कारण परगावचा माणूस मागे हटला असे म्हणून घेणे त्याला परवडणारे नव्हते. आणि निवेदकाला आयुष्यभर एकच काम येत असल्यामुळे त्याने ते सुरू केले. "नदीपलीकडून आलेले मुखिया," त्याचा आवाज पटांगणभर घुमला, "यांच्याकडून डावा हात." टाळ्या पडल्या. मग आसुक्रोमचे मानकरी मागे कसे राहणार? तीन रांगा लागल्या. जिल्ह्याच्या साहेबांनीही काळ्या वस्त्राचे टोक खांद्यावर टाकून हात दिला, आणि मग कंबर कसून तिसरे यंत्र स्वतः चालवायला बसले.

घोटाळा झाला तो आकड्यांवरून. बिरागो प्रत्येकाला त्याचा आकडा कानात सांगत असे. पण आहेराचा आकडा गुप्त ठेवण्याची तेथे कोणाला सवय नव्हती, आणि मोठा आकडा तो मोठा आहेर हे तर शिकवावे लागत नाही. थोड्याच वेळात लोक टेबलापासून उठताना आपापला आकडा ओरडून सांगू लागले. एका लठ्ठ कसायाला त्याच्या गड्यापेक्षा कमी निघाला, तेव्हा त्याने पुन्हा रांगेत उभे राहून दुसरा हात देण्याची तयारी दाखवली. शेवटी ग्याबा उठला. मावशी जिवंत असल्याचा आनंद, आणि भर बाजारात रडल्याची लाज, या दोहोंच्या भरात त्याने दंड पुढे केला. यंत्र फुगले, थांबले, पुन्हा फुगले. बिरागोने त्याच्या कानात आकडा सांगितला आणि ग्याबाने तो दोन्ही हात वर करून साऱ्या पटांगणाला सांगितला. इतका मोठा आहेर सकाळपासून कोणीच केला नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्याबा वळला, तेव्हा बिरागोचा चेहरा त्याला दिसला.

"काय सिस्टर, कमी पडला?"

"नाही, ग्याबादादा," बिरागो शांतपणे म्हणाली. "फार झाला. तुम्ही आधी सावलीत बसा. उभे राहू नका."

राजमातांना हे ऐकू गेले. त्या उठून मध्यभागी ठेवलेल्या पेटीपाशी गेल्या आणि तिच्या झाकणावरून हात फिरवीत त्यांनी विचारले, "ग्याबा, ही कुणाच्या मापाची केलीस रे?"

ग्याबा खाली पाहू लागला. "तुझं माप सुताराला कसं सांगणार, मावशी? मीच आडवा पडून दाखवलं."

"म्हणजे बरोबर माप दिलंस," राजमाता म्हणाल्या, आणि त्याच्याजवळ जाऊन, भर सभेत, त्याचा हात आपल्या हातात घेऊन बसून राहिल्या. ग्याबाने पहिली गोळी त्यांच्याच हातून घेतली. यंत्राने रोग अंगात घातला, असे तो त्या दिवशी म्हणाला नाही. पुढे कधी कधी म्हणे, पण मावशी जवळपास नाही हे पाहून.

दुपारी बाफोच्या मेंढ्याचा रस्सा कोनफळ कांडून केलेल्या फुफूबरोबर वाढण्यात आला. बिरागोच्या सल्ल्यावरून राजमातांनी तो मिठावाचून करवला होता. त्या दिवशी पाहुण्यांनी मनापासून सुस्कारे टाकले ते त्या रश्श्याचा पहिला घोट घेतल्यावर.

मोजणीच्या अखेरीस जिल्ह्याच्या साहेबांनी कागदावर पाहिले, गर्दीकडे पाहिले आणि गोळ्यांच्या पेट्या एकीऐवजी दोन लिहिल्या, कारण नदीपलीकडच्या गावाला आता वगळणे शक्यच नव्हते. बाफोच्या छापखान्यात तेव्हापासून खऱ्या पत्रकांच्याही तळाशी एक ओळ येऊ लागली: आहेराच्या टेबलाशेजारी बीपीचे टेबल राहील. ही ओळ घालण्याचे तो वेगळे लावीत नाही.

अडचण एकच उरली. गोळ्या आल्या, पण आरोग्यकेंद्रात त्या ठेवायला कपाट नव्हते, आणि उंदरांचा सुळसुळाट फार. बिरागोने वर कळवले. वरून कळले, की कपाटाचा विचार चालू आहे. तो विचार संपेपर्यंत वाट पाहणे राजमातांना मंजूर नव्हते. त्यांनी सुताराला बोलावून ग्याबाची शवपेटी उभी करवली, आत फळ्या ठोकवल्या आणि पितळी कड्यांना कुलूप लावले. लाकूड उत्तम आहे. पावसाळ्यात दमट होत नाही आणि उंदरांनी तर दातच टेकले आहेत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्याबा आपल्या गोळ्या न्यायला येतो. सिस्टर बिरागो कुलूप काढते, झाकण दारासारखे उघडते, आणि तो आपल्या खांद्यांच्या बरोबर मापाच्या त्या पेटीपुढे क्षणभर टोपी काढून उभा राहतो. मग महिन्याच्या गोळ्या खिशात घालतो, झाकण स्वतःच्या हाताने नीट लावून घेतो, आणि आपल्या पायांनी चालत घरी जातो.